घुलेअण्णांचे पाण्यातले देव

रघुनाथ घुले या गृहस्थांबद्दल चांगलं बोलणारा माणूस आमच्या सोसायटीत औषधालाही सापडला नसता. मीही बोलत नसे. आणि आता लिहायला बसले आहे म्हणून मी एकदम 'मनमिळाऊ', 'परोपकारी' असले शब्द काढीन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यांनी ती इथेच सोडावी. अण्णा खडूस होते. खडूस, हेकट आणि शिष्ट. शिवाय बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं बरोबर निघायचं, त्यामुळे त्यांचा राग धरून ठेवायलाही फारशी जागा राहत नसे.

कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्या, बरोबर त्यांच्या खाली. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात करून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले. लोकांच्या अर्जांत त्रुटी काढून ते परत पाठवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर अर्ज यायचे बंद झाले, तेव्हा त्यांनी माणसं धरली. वॉचमनच्या उभं राहण्यात त्रुटी, सोसायटीच्या वार्षिक सभेत त्रुटी, मुलींनी दारात काढलेल्या रांगोळीत त्रुटी. माझे यजमान गेले तेव्हा अण्णा भेटायला आले. पाच मिनिटं गप्प बसले आणि उठताना म्हणाले, "बाई, तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीच्या काचा उलट्या बसवल्यात. पाऊस आत येत असणार."

सांत्वनाला आलेल्या माणसाने हे बोलावं? काचा खरंच उलट्या होत्या, हा भाग वेगळा.

मूळचे ते हडपसरच्या पलीकडच्या एका खेड्यातले. ते खेडं आता खेडं राहिलेलं नाही. भावांच्या शेतात उंच इमारती उगवल्या आणि भाऊ मोठ्या गाड्यांतून फिरू लागले. अण्णा तेवढे शिकून कारकून झाले होते आणि त्या भरात कचेरीची भाषा अंगात मुरवून बसले होते. घरातही 'सदर' आणि 'उपरोक्त'. एकदा मी वाटीभर साखर मागायला वर गेले असताना ते जेवत होते. "सदर आमटीत मीठ कमी आहे," असं त्यांनी जाहीर केलं. आतून शालनवहिनी म्हणाल्या, "मग उपरोक्त बरणीतनं घ्या." असा नवरा पदरी पडलेल्या बाईची मला दया यायची. वहिनींना स्वतःला ती येत नसे. त्या हसायच्या. अंगाने किरकोळ, बोलायला कमी आणि हसायला पुढे.

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. देवाधर्माशी माझा संबंध नाही, आणि नाही हे मी लपवत नाही. त्यामुळे रोज सकाळी सहाला डोक्यावर वाजणारी अण्णांची घंटा हा माझ्या आयुष्यातला एक कायमचा उपद्रव होता. घंटा संपली की डक्टमधून त्यांचं बोलणं खाली यायचं. स्तोत्र नाही, आरती नाही. "खंडेराया, मंगळवारी सांगितलं होतं. आज शुक्रवार. पुढे काय झालं?" हा माणूस देवाला स्मरणपत्रं पाठवत होता! मी दात घासता घासता हसायची. ग्रहणाच्या दिवशी मी सोसायटीतल्या मुलांना गच्चीवर नेऊन काळ्या चष्म्यांतून सूर्य दाखवत होते, तेव्हा अण्णा खिडक्या लावून पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रं ठेवत होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाले, "तुमच्या त्या कार्यक्रमात मुलांची हजेरी घेतली नव्हती. एखादं गच्चीवरून पडलं असतं तर कळलं नसतं." ग्रहणाबद्दल अवाक्षर नाही. असल्या माणसाशी वाद तरी काय घालणार?

शालनवहिनींची पाठ दुखायला लागली तेव्हा आधी सगळ्यांनी वय म्हटलं, मग पाय घसरून पडल्या असतील म्हटलं. तपासण्यांच्या चार फेऱ्यांनंतर कळलं की हाडांच्या आतल्या मगजाचा कर्करोग आहे. औषधांचे कोर्स झाले आणि मग डॉक्टरांनी स्टेम सेल ट्रान्सप्लांट सांगितलं. त्या संध्याकाळी अण्णा माझ्याकडे वही घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात काही विचारायला.

मी फळ्यावर शिकवावं तसं सांगितलं. वहिनींच्याच रक्तातून मूळ पेशी काढून घेतील आणि थंड पेटीत जपून ठेवतील. मग जबर औषध देऊन हाडांतला सगळा मगज मारतील, रोगासकट. नंतर त्याच पेशी सलाइनसारख्या परत चढवतील. त्या हाडांत जाऊन रुजल्या की नवं रक्त तयार व्हायला लागेल. मधले दोन-तीन आठवडे अंगात प्रतिकारशक्ती शून्य. साध्या सर्दीनेही जीव जाऊ शकतो.

अण्णांनी सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून विचारलं, "रुजल्या नाहीत तर?"

"बहुतेक वेळा रुजतात."

"बहुतेक हा शब्द मी फाइलवर कधी चालवून घेतला नाही," ते म्हणाले. पण या वेळी त्यांच्या आवाजात तो नेहमीचा तोरा नव्हता.

पेशी काढायच्या दिवशी त्यांनी देव पाण्यात ठेवले.

हल्ली लोक बारावीच्या निकालासाठीही देव पाण्यात ठेवतात, पण ते तोंडाने. अण्णांनी खरोखरच ठेवले. स्टीलच्या पातेल्यात खंडोबा, भवानी आणि जोतिबाचे चांदीचे टाक, आणि पितळेचा रांगता बाळकृष्ण. वर बुडेल इतकं पाणी. इच्छा पुरी होईपर्यंत देवांनी पाण्यात राहायचं, पूजा नाही, नैवेद्य नाही. म्हणजे साध्या मराठीत देवांची अडवणूक. मी तोंडावर म्हटलं, "अण्णा, ही श्रद्धा आहे की घेराव?"

"कामाला लावलंय त्यांना," अण्णा म्हणाले. "ट्रान्सप्लांटनंतर शंभराव्या दिवशी मोठी तपासणी असते. तो रिपोर्ट येईपर्यंत बाहेर काढणार नाही."

अन्नपूर्णा मात्र देव्हाऱ्यातच होती. ती का सुटली, असं विचारलं तर म्हणाले, "शालन दवाखान्यात जाईपर्यंत स्वयंपाक मला करायचाय. तिच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?"

वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या देवांचं लहान लेकरांसारखं करायच्या, त्यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. अण्णांनी पातेलं माळ्यावर सरकवलं आणि त्यांना सांगितलं की देव सोनाराकडे उजळायला दिलेत.

पुढचे तीन आठवडे वहिनी हॉस्पिटलच्या एका बंद खोलीत होत्या आणि सोबत एकट्या अण्णांना परवानगी होती. त्यांची मुलगी सांगलीला दिलेली, तिचं बाळ अंगावर पिणारं, त्यामुळे तिला यायचीच बंदी. दुपारी अण्णा तासभर घरी यायचे, आंघोळ करायचे, पातेल्यातलं पाणी बदलायचे आणि परत जायचे. कपडे गरम पाण्यात धुऊन इस्त्री करून न्यावे लागत, ते काम मी अंगावर घेतलं. का घेतलं, हे मला आजही धड सांगता येणार नाही. अण्णांनी मागितलं नव्हतं आणि आभारही मानले नाहीत. पहिल्या दिवशी घडी बघून इतकंच म्हणाले, "बाही आत दुमडलीय, तिथे इस्त्री लागलेली नाही."

त्या मजल्यावर त्यांनी दहशत बसवली होती. हॉस्पिटलने दिलेला नियमांचा कागद त्यांना पाठ होता आणि नर्सपेक्षा तेच तो जास्त कडकपणे पाळून घेत. मी कपडे द्यायला गेले होते तेव्हा मोठे डॉक्टर मागे चार शिकाऊ डॉक्टर घेऊन आले. अण्णा दारात उभे.

"डॉक्टर, हात."

"मी आत्ताच धुऊन आलोय, काका."

"मी पाहिलं नाही."

डॉक्टरांनी हसत पुन्हा हात धुतले. मग मागच्या चौघांनीही धुतले. अण्णांनी एकेकाकडे पाहून मान हलवली आणि मगच बाजूला झाले.

ज्या दिवशी पेशी परत चढवल्या त्या दिवशी म्हणे हे पूर्ण वेळ त्या पिशवीसमोर उभे होते. नर्स म्हणाली, "अंकल, बसा की." तर म्हणाले, "साहेब आत येत असताना बसायचं नसतं." वहिनींनीच मला हे नंतर सांगितलं. तोंडात फोड आल्यामुळे आठ दिवस वहिनींना बोलता येत नव्हतं, गिळताही येत नव्हतं. दुसरा कुणी असता तर डोळ्यांत पाणी आणून उशाशी बसला असता. अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवायचे आणि प्रत्येक बातमीवर, प्रत्येक पुढाऱ्यावर, सोसायटीतल्या प्रत्येक माणसावर यथेच्छ तोंडसुख घ्यायचे. माझ्यावरही घेतलंच असणार. वहिनी पाटीवर लिहायच्या, 'हसवू नका, दुखतंय.' केस गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "चला, आता भाजीत येणार नाहीत." मला हे ऐकून संताप आला. वहिनी मात्र सांगताना पुन्हा हसल्या.

नातेवाइकांचं आणि शेजाऱ्यांचं काय सांगावं! ज्यांनी वर्षभर पाठदुखीची चौकशी केली नाही, ते सगळे आता श्रद्धेने ओसंडून वाहत होते. कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी गव्हांकुर, कुणी मंतरलेलं पाणी, कुणी कुठल्या कुठल्या मठातला अंगारा. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसाला चाळीस हात जोडलेले. 'पॉझिटिव्ह राहा' असं सांगणाऱ्या माणसाइतका निरुपयोगी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. आणि हे सगळं घेऊन लोक त्या मजल्यापर्यंत पोचायचे. जिथे ताजं फूल न्यायला बंदी, सालासकट फळ न्यायला बंदी, तिथे यांना तीर्थ पाजायचं होतं. प्रसादावर जंतू बसत नाहीत अशी यांची समजूत असावी.

एका दुपारी अण्णांचे थोरले भाऊ आले. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, हातात भंडाऱ्याची पुडी. गडावर जाऊन आले होते. मी तेव्हा व्हरांड्यात कपड्यांची पिशवी घेऊन बसले होते.

"रघू, सरक. कपाळाला लावतो आन् जातो," भाऊ म्हणाले.

"न्हाई, दादा."

"आरं खंडोबाचा भंडारा हाय! घरचा देव हाय आपला!"

"घरचा हाय म्हणूनच सांगतोय. ती हळद कुणाकुणाच्या हातनं आली ठावं हाय का? तिच्या अंगात आज मुंगीशी भांडायची ताकद न्हाई."

"देवाला आडवतोस तू?" भावाचा आवाज चढला. "शिकून हेच शिकलास?"

"हात धुतल्याबिगर कुणीच आत जायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "देवाला हात धुता येत असतील तर त्याला एकट्याला पाठव."

भाऊ तणतणत गेले आणि नंतर कित्येक महिने बोलले नाहीत. अण्णांनी ती पुडी मात्र घेतली होती. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून खिशात ठेवली. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "आवक नोंदवून घेतली. पुढची कार्यवाही शंभर दिवसांनंतर."

इतकी वर्षं मी या माणसाला अंधश्रद्ध म्हणत आले होते. त्या व्हरांड्यात तो शब्द मला थोडा सैल वाटायला लागला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पेशी रुजल्या. रक्तातले आकडे वर चढू लागले आणि घरी जायची तारीख मिळाली. तारखेबरोबर नवा कागदही मिळाला. घरात कुंड्या नकोत, फुलं नकोत, पाळीव प्राणी नकोत. आणि चौथ्या ओळीत होतं, घरात उघडं साठवलेलं पाणी नको.

त्या दुपारी अण्णा माझ्या दारात आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत ते पातेलं होतं आणि जिन्यात एक थेंबही सांडलेला नव्हता.

मी म्हटलं, "त्यात काय, झाकण ठेवा."

"कोंडायचं ठरलं नव्हतं."

"मग रोज पाणी बदला. तसंही बदलताच."

"कागदावर 'नको' लिहिलंय. 'रोज बदलल्यास चालेल' असं लिहिलेलं नाही."

"मग बाहेर काढा देवांना!"

"रिपोर्ट कुठे आलाय?" असं म्हणून ते नुसते उभे राहिले. बायकोला घरी आणायचं तर देव घराबाहेर काढायला हवे होते, आणि देव पाण्याबाहेर काढले तर तिच्यासाठी बोललेला शब्द मोडत होता. आपल्याच दोन नियमांच्या मध्ये असा अडकलेला हेडक्लार्क मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माझ्याकडे?" मी विचारलं. "अण्णा, मी देव मानत नाही. माझ्या घरात अंडी शिजतात. सोसायटीत एवढे भाविक पडलेत, त्यांच्याकडे द्या ना."

"म्हणूनच तुमच्याकडे," अण्णा म्हणाले. "भाविकाच्या घरात ठेवले तर तो मध्येच स्वतःचं काहीतरी मागून घेणार. मुलाचा व्हिसा, मुलीचं लग्न. देवांचं लक्ष एका कामावर राहिलं पाहिजे. तुम्ही काही मागणार नाही याची मला खात्री आहे."

माझ्या नास्तिकपणाचा इतका उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

अशा रीतीने चार देव माझ्या घरी राहायला आले. पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर मी त्यांना जागा दिली. रोज सकाळी मी पाणी बदलायची, तेही डासांच्या भीतीने, भक्तीने नव्हे, हे मी अण्णांना पहिल्याच दिवशी बजावलं. आठ वाजता ते तपासणीला यायचे. तोंडाला मास्क, चप्पल बाहेर, दारातूनच नजर. "भवानीचा टाक पालथा पडलाय." "पाणी दोन बोटं कमी आहे." "खिडकीतून ऊन थेट पडतंय, सरकवा." एका गुरुवारी पाणीकपात होती आणि मी विसरले होते, तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी घातलं. त्यावर म्हणाले, "घातलंत ते ठीक. पण टाकी काल भरून ठेवायला हवी होती." मी दार आपटलं. दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा हजर.

वर ते दिवसभर राबत होते. फरशी पुसत, भांडी उकळत्या पाण्यातून काढत, सगळं कुकरमध्ये तीन शिट्ट्या जास्त देऊन शिजवत. ज्याने जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नव्हता, तो दुधी सोलायला शिकला. डक्टमधून आता घंटा येत नव्हती. वहिनींचा आवाज यायचा, "अहो, इतका मऊ भात? मला काय दात न्हाईत का?" आणि अण्णांचा, "सदर भात नियमानुसार आहे."

साठाव्या दिवसाच्या आसपास, भर दुपारी माझा फोन वाजला. "बाई," अण्णा म्हणाले, "ताप आलाय. एकशे दोन हाय. घिऊन चाललोय." माझ्याशी ते कधी 'हाय' बोलत नसत. फोन ठेवल्यावरही बराच वेळ तो एकच शब्द माझ्या कानात राहिला.

ताप म्हणजे काय, हे सोसायटीत बाकी कुणाला कळलं नसेल, पण मला कळत होतं. मीच तर त्यांना ते वहीत लिहायला सांगितलं होतं. मी पेपर उघडला, मिटला. चहा टाकला, तो उतू गेला. मग मी त्या पातेल्यासमोर जाऊन उभी राहिले. पाणी सकाळीच बदललं होतं, तरी पुन्हा बदललं. आणि आठवीच्या मागच्या बाकावरच्या मुलांना दटावावं तशा आवाजात मी म्हटलं, "ऐकताय ना? ती बाई घरी आली पाहिजे. बाकी मला काही माहीत नाही." एवढंच. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतात हे मला त्या दिवशी समजलं.

पाच दिवसांनी वहिनी घरी आल्या. औषधांनी ताप उतरला, हे मी जाणते आणि कुणाशीही या मुद्द्यावर भांडायला तयार आहे.

शंभरावा दिवस उलटला. रिपोर्टच्या दिवशी अकराच्या सुमाराला अण्णा हॉस्पिटलमधून थेट माझ्याकडे आले. चप्पल काढायचं विसरले.

"रोग पुष्कळ कमी झालाय," ते म्हणाले. "पण गेलेला नाही. गोळ्या चालू राहणार. कायमच्या. दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं."

मी न राहवून, जित्याची खोड म्हणा, विचारलं, "म्हणजे काम अपुरं. ठेवायचे का आणखी शंभर दिवस?"

मला वाटलं होतं, आता देवांची धडगत नाही. ज्या माणसाने आयुष्यात एक अपुरा अर्ज पुढे जाऊ दिला नाही, तो हा रिपोर्ट कसा चालवून घेईल? अण्णा पातेल्याकडे बघत राहिले.

"बाई, मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या टेबलावर किती फाइली अपुऱ्या होत्या, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "तरी हार घातला लोकांनी."

त्यांनी हात धुतले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एकेक देव बाहेर काढून माझ्या स्वच्छ टॉवेलवर ठेवला. चांदी काळवंडली होती. शेवटी खिशातून ती भंडाऱ्याची पुडी काढली, सोडली आणि चौघांच्या कपाळी चिमूट चिमूट लावली. मग मान वर न करता विचारलं, "मधल्या काळात तुम्ही काही मागितलं नाही ना?"

खोटं बोलता आलं असतं. "मागितलं," मी म्हटलं.

"स्वतःसाठी?"

"नाही. वहिनींसाठी. तापाच्या दिवशी."

त्यांनी विचार केला. "मग हरकत नाही. एकाच विषयाचे दोन अर्ज एकत्र निकाली काढता येतात." आणि देव टॉवेलसकट घेऊन वर गेले. टॉवेल परत आला नाही.

त्यानंतर मी त्यांना सगळ्यात जास्त वेळा पाहिलं ते आमच्या गल्लीत. वहिनी मास्क लावून, डोक्याला रुमाल बांधून भाजी घ्यायला निघायच्या. नवे केस बोटभर आले होते. अण्णा तीन पावलं पुढे, हातात गुंडाळलेला पेपर. समोरून येणाऱ्याला पेपरने बाजूला करत चालायचे. एकजण शिंकला, तर त्याला म्हणाले, "शिंका घरी द्यायच्या असतात." भाजीवाल्याला म्हणाले, "या मेथीवर पाणी मारू नका, कुठलं पाणी आहे तुम्हाला तरी माहीत आहे का?" मागे वहिनी हसत होत्या, आणि मी खिडकीत उभी राहून मनात म्हणत होते, किती हा आगाऊपणा! पण मला त्या बाईचा हेवा वाटत होता, हेही लिहून टाकते.

अशाच एका दिवशी अण्णा गेले. वहिनींच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात रांगेत उभे होते, तिथेच छातीत कळ आली. अर्ध्या तासात संपलं. रुग्णाच्या आधी राखणदार गेला. सोसायटीने शोकसभा घेतली, त्यात त्यांना मनमिळाऊ म्हटलं गेलं. मी मधूनच उठून आले.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी वहिनी एकट्या माझ्याकडे आल्या. बसल्या. पाणी नको म्हणाल्या.

"बाई, एक इचारू? माझं देव तुमच्याकडं व्हतं ना?"

मी मान हलवली.

"वाटलंच. रोज आठाला ह्ये खाली तुमच्याकडं यायचं. सोनार देव उजळून देतो का काळं करून देतो, येवढं मला कळतं. मी काय बोलले न्हाई. त्यांना वाटू दिलं." मग त्यांनी विचारलं, "काय मागितलं व्हतं त्यांनी?"

"तुमचा शंभराव्या दिवसाचा रिपोर्ट. तुम्ही बऱ्या व्हावं एवढंच."

"आन् सोताचं?"

"स्वतःचं काही नाही."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग त्या चिडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "जलमभर दुसऱ्याच्या अर्जात चुका काढल्या ह्या माणसानं," त्या म्हणाल्या, "आन् सोताच्या अर्जात सोताचं नाव घालायचं राह्यलं."

अण्णांचं नाव माझ्याही अर्जात नव्हतं.